‘बीइंग द रिकार्डोज’ कसा पाहावा
ॲरन सॉर्किन यांचा २०२१ सालचा ‘बीइंग द रिकार्डोज’ हा चित्रपट ल्युसिल बॉल आणि डेसी आर्नाझ या अमेरिकी विनोदी जोडप्यावर आहे. ज्या ‘आय लव्ह लुसी’ मालिकेत रिकार्डो दांपत्याच्या भूमिका करून ही जोडी गाजली ती आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नसते, त्यामुळे आधी तिचे निदान दोन भाग पाहावेत. सप्टेंबर १९५२ चा चॉकलेट कारखान्याचा आणि एप्रिल १९५६ चा द्राक्षे तुडवण्याचा, हे दोन पुरेसे आहेत. दुसरा विशेष आवश्यक, कारण चित्रपटातली ल्युसिल तोच प्रसंग मनात रचताना दिसते आणि मूळ दृश्य ठाऊक नसल्यास तो तुकडा अधांतरी राहतो.

चित्रपट सुरू करताना काही तारखा कागदावर लिहून ठेवाव्यात. सोमवारच्या संहितावाचनापासून शुक्रवारच्या चित्रीकरणापर्यंतच्या एका आठवड्यात येथे तीन संकटे कोसळतात; प्रत्यक्षात ती काही वर्षांत विखुरलेली होती. ल्युसिलच्या गरोदरपणाचा प्रश्न १९५२ चा, आणि मुलगा जन्मला १९ जानेवारी १९५३ रोजी, म्हणजे मालिकेतल्या लुसीला मूल झाल्याचा भाग प्रसारित झाला त्याच दिवशी. ल्युसिलने आजोबांच्या आग्रहाखातर १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाची मतदार म्हणून केलेल्या नोंदणीचा गवगवा झाला सप्टेंबर १९५३ मध्ये. डेसीच्या बाहेरख्यालीपणाचा लेख ‘कॉन्फिडेन्शियल’ मासिकात आला तो जानेवारी १९५५ च्या अंकात. नाटकासाठी काळ असा आवळणे मला क्षम्य वाटते. पण शेवटी ल्युसिलला निर्दोष ठरवणारा एफबीआयप्रमुख हूवर यांचा आवाज फोनवरून प्रेक्षकांना ऐकवला जातो, तो प्रसंग मात्र निव्वळ कल्पित आहे आणि तो इतिहास म्हणून स्वीकारू नये. मधूनमधून आठवणी सांगणारे वृद्ध लेखकही नटच आहेत, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्यांदा पाहताना लक्ष स्टुडिओकडे द्यावे, कारण या जोडप्याचे टिकाऊ कर्तृत्व तेथे आहे आणि चित्रपट त्यावरून भराभर पुढे जातो. वाहिनीला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हायला हवा होता. या दोघांनी हॉलिवूडमध्येच राहून ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरणाचा आग्रह धरला आणि वाढीव खर्चापोटी मानधन कमी घेऊन त्या फिल्मची मालकी स्वतःच्या देसिलू कंपनीकडे ठेवली. समोर प्रेक्षक बसलेले आणि तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, अशा स्थितीत प्रत्येक कोनातून प्रकाश सारखा दिसावा ही व्यवस्था छायाचित्रणकार कार्ल फ्रॉइंड यांनी बसवली. उत्तम प्रतीची फिल्म हाती राहिल्यामुळेच पुनःप्रसारणाचा व्यवसाय फळला.

चित्रपटात ही जोडी साकारणाऱ्या निकोल किडमन आणि हाविएर बार्देम यांचे चेहरे मनात पक्के बसण्याआधी एमी पोलर यांचा २०२२ चा ‘लुसी अँड डेसी’ हा माहितीपट लावावा. त्यात खुद्द दोघांच्या ध्वनिमुद्रित आठवणी आहेत, शिवाय १९६० च्या घटस्फोटानंतरचा काळही आहे.