डायलिसिस वर्षानुवर्षं चालवायचंय? मग पैशाचं गणित आधी असं मांडा

घरात कुणाला डायलिसिस लागणार म्हटलं की पहिला प्रश्न असतो "एका वेळेचे किती?" आणि तिथंच गडबड होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, म्हणजे वर्षाला 156 वेळा. त्यामुळे कागद घ्या आणि वर्षाचा हिशोब लिहा. सेंटरच्या दराखाली डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), ट्युबिंग (नळ्या), एरिथ्रोपोएटिनची म्हणजे रक्त वाढवायची इंजेक्शनं, आयर्न, रक्ततपासण्या, जाण्यायेण्याचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, सगळं आलं पाहिजे. डायलिसिस फुकट असलं तरी या खालच्या ओळी घर रिकामं करतात.

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते फिश्चुला वेळेत केल्याने. हातातली धमनी आणि शीर जोडतात, पण ती सुई टोचण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तच लागतात, म्हणून पुढे डायलिसिस लागेल असं डॉक्टर म्हणाले की तेव्हाच विषय काढा, नाहीतर ऐनवेळी मानेत कॅथेटर म्हणजे नळी, मग इन्फेक्शन, ॲडमिट, महागडी अँटिबायोटिक्स. आणि त्या हाताला सलाईन, रक्त काढणं, बीपी काही नको, नर्सला स्पष्ट सांगा, संकोच करू नका.

नुसता रिपोर्टमधला किडनीचा आकडा बघून घाईने डायलिसिस सुरूही करू नका. 2010 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात लवकर सुरू केलेले पेशंट जास्त जगले असं दिसलं नाही. मात्र धाप लागली, रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर एक दिवसही थांबायचं नाही.

लघवी अजून होत असेल तर ती जपा, हे खरंच सोन्यासारखं आहे. त्यासाठी मनाने पेनकिलर घेऊ नका. चांगली लघवी होणाऱ्या काहींना डॉक्टर तपासण्या करून आठवड्यातून दोनदावर ठेवतात, पण पैसे नाहीत म्हणून आपणच एक वेळ गाळायची नाही, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. मीठ कमी केलं की तहान कमी, वजन कमी वाढतं, जादाची डायलिसिस टळते, आणि याला पैसे लागत नाहीत.

सेंटर लांब असेल तर पोटातल्या डायलिसिसबद्दल, म्हणजे सीएपीडीबद्दल विचारा. घरीच रोज तीन-चार वेळा पिशवीतून पोटात सोडलेलं डायलिसिसचं पाणी बदलायचं, भाडं आणि मजुरी वाचते. थायलंडने 2008 मध्ये सरकारी योजनेत हाच पर्याय आधी ठेवला होता. फक्त या पाण्याच्या पिशव्या देशात बनतात की बाहेरून येतात ते बघा, दर त्यावर खूप ठरतो, आणि स्वच्छता पाळली नाही तर पोटात इन्फेक्शन होतं.

सरकारी योजनेचं पहिल्या आठवड्यातच विचारा, कर्ज काढल्यावर नाही. भारतात 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटला जिल्हा रुग्णालयात मोफत सोय आहे.

किडनी ट्रान्सप्लांटचा विषयही सुरुवातीलाच काढा. एकदम मोठा खर्च येतो, पण काही वर्षांत तो डायलिसिसपेक्षा स्वस्त पडतो. पैसे वाचवायला एरिथ्रोपोएटिन बंद करून रक्त चढवत बसलात तर अँटिबॉडी तयार होतात आणि मॅच होणारी किडनी मिळणं अवघड होतं. आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून नंतर घ्यायच्या गोळ्या दर महिन्याला कुठून येणार ते पक्कं करा, त्या बंद केल्या की किडनी जाते.