सायडर गाळू नका, निवळू द्या

ताक असो, चहा असो की कोकमाचं सार, काहीही गढूळ दिसलं की आपला हात गाळणीकडे जातो. इंग्लंडात आल्यावर शेजारच्या बागेतली ब्रॅम्ली सफरचंदं पोत्यानं मिळू लागली आणि घरी सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू) व्हायला लागलं, तेव्हा पहिल्या वर्षी मीही तेच केलं. आंबून झालेलं सायडर मलमलीतून गाळून दुसऱ्या बरणीत ओतलं. यीस्टच्या पेशी फडक्याच्या विणीतून सहज निसटतात, त्यामुळे गढूळपणा तसाच राहिला. वर ओतताना हवा मात्र भरपूर मिसळली. दोन महिन्यांत सोनेरी रंग तपकिरी झाला आणि चव कापून काळ्या पडलेल्या फोडीसारखी लागायला लागली.

सायडर आपलं आपण निवळतं. गाळ तळाशी बसला की वरचं सायफननं काढून घ्यायचं. नळीचं वरचं टोक गाळापासून बोटभर उंच ठेवा आणि खालचं टोक नव्या डेमिजॉनच्या (अरुंद तोंडाच्या मोठ्या काचेच्या बरणीच्या) तळाला टेकवा, म्हणजे धार उडत नाही. तळाचं दोन बोटं सायडर सोडून द्या. त्याचा मोह धरला की गाळ पुन्हा सगळ्यात मिसळतो. नवा डेमिजॉन गळ्यापर्यंत भरलेला हवा. कमी पडलं तर दुसरं तयार सायडर घाला. अर्धी रिकामी बरणी ठेवली की वर पांढरी सुरकुतलेली साय धरते, आणि तिथून व्हिनेगर फार लांब नसतं. एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या बुचातलं) पाणी आटू देऊ नका, चिलटं त्याचीच वाट पाहत असतात.

तीन-चार महिन्यांनीही सायडर धुकट असेल तर बहुधा पेक्टिन आडवं आलेलं असतं. जॅम घट्ट करतं तेच हे. रस आधी उकळून घेतला असेल तर हा त्रास हमखास होतो, आणि दूध उकळायची सवय असलेले आपण रसही उकळतो. खात्री करायची असेल तर एका पेल्यात चमचाभर सायडर आणि चार चमचे मेथिलेटेड स्पिरिट घालून थोडा वेळ ठेवा. जेलीसारखे तंतू किंवा गोळे दिसले तर ते पेक्टिनच. हे मिश्रण विषारी असतं, चाखू नका, लगेच फेकून द्या. पेक्टिन तोडणारं पेक्टोलेज हे एन्झाइम आंबवण्याआधीच रसात घातलेलं चांगलं. नंतर घातलं तरी काम करतं, पण अल्कोहोलमुळे मंदावतं. मात्रा वाढवावी लागते आणि बरणी उबेत ठेवावी लागते.

तंतू दिसले नाहीत तर बरणी काही आठवडे थंड शेडमध्ये ठेवा, यीस्ट बसेल. तरीही नाही निवळलं तर बेंटोनाइट वापरा, ती एक प्रकारची माती आहे. जिलेटिन आणि माशापासून केलेलं आयसिंगग्लासही मिळतं, पण शाकाहारी पाहुण्यांना ते सांगायला हवं. तुरटी मात्र फिरवू नका. पाण्यात ती गाळ धरते, सायडरच्या आंबटपणात ती नुसतीच विरघळून राहते आणि चव तुरट करते.

आता सगळ्यात धोक्याची चूक. निवळलं म्हणजे आंबणं संपलं, असं नसतं. कडाक्याच्या थंडीत यीस्ट झोपी जातं. सायडर काचेसारखं स्वच्छ दिसतं, एअरलॉक गप्प असतो, आणि साखर अजून शिल्लक असते. माझ्याकडे असंच हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचनळी; पाण्याचा आकडा 1.000, साखर असली की त्याहून जास्त) 1.010 वर थांबलेलं सायडर जानेवारीत बाटल्यांत भरलं गेलं. एप्रिलमध्ये रात्री जिन्याखालच्या कपाटात एक बाटली फुटली. सकाळी दाराच्या लाकडात काचा रुतलेल्या होत्या. हिशेब सरळ आहे: हायड्रोमीटरवरचा 0.001 म्हणजे लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम साखर. दहा अंक खाली यायचे असतील तर पंचवीस ग्रॅम साखर आणि बारा ग्रॅम वायू. शॅम्पेनच्या जाड बाटलीत असतो जवळपास तेवढा!

म्हणून बरणी आठवडाभर उबदार खोलीत ठेवा आणि सुरुवातीला व शेवटी रीडिंग घ्या. दोन्ही वेळा आकडा तोच आणि 1.000 च्या आसपास किंवा खाली असेल, तरच भरा. मोजण्याआधी नमुना ढवळून वायू घालवा. हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा चुकवतात. फेस हवा असेल तर भरताना लिटरला 6 ग्रॅम साखर, म्हणजे साडेचार लिटरच्या डेमिजॉनला 27 ग्रॅम. चमच्यानं नाही, वजन करून. एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये हलवा.

गोड सायडरसाठी नुसतं सॉर्बेट (यीस्टची वाढ रोखणारं रसायन) टाकणंही चूकच. ते चालू यीस्टला थांबवत नाही, आणि सोबत कॅम्पडेन गोळी (जिवाणू रोखणारी सल्फाइटची गोळी) नसेल तर काही जिवाणूंमुळे जिरेनियमच्या पानांसारखा वास येतो, जो पुन्हा जात नाही. त्यापेक्षा सुक्रालोज बरं, यीस्ट ते खात नाही.

इथे इंग्लंडात स्वतःपुरतं घरी करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय करू नका.

उरलं मुरवणं. वसंतात ऊब आली की बरणीत पुन्हा बारीक बुडबुडे दिसतात. आकडा हलला नसेल तर घाबरू नका: जिवाणू सफरचंदातल्या तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करत असतात. जानेवारीत दात आंबवणारं ब्रॅम्लीचं सायडर मे महिन्यात घोटाघोटानं पिता येतं. ते बुडबुडे थांबेपर्यंत बाटल्या भरू नका.