परसातला गरम टब: पंप-हीटर ऑटोमॅटिक करण्याआधीची तयारी

सुरुवात फ्लो स्विचपासून करा. टब अजून पॅकिंगमध्ये असला, पाइप टाकायचे बाकी असले तरी चालेल. पाइपातून पाणी वाहतंय की नाही ते सांगणारा तो छोटा स्विच आधी घरात येऊ दे. मागच्या खेपेला बाकी सगळं आणलं आणि नेमका तोच राहिला, म्हणून या यादीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

कारण नीट समजून घ्या. कोकणात लाईट जाते, मग येते. आली की कंट्रोलर जागा होतो, टबाचं पाणी ३३ अंशांवर उतरलेलं बघतो आणि पंप आणि हीटर दोन्ही चालू करतो. मधल्या वेळात पंपाने हवा धरलेली असते. मोटर फिरते, आवाज नेहमीसारखा येतो, पाणी मात्र जागचं हलत नाही. हीटरच्या नळीत जेमतेम लिटरभर पाणी असेल, तर ३ किलोवॉटची कॉइल ते सेकंदाला पाऊण अंशाच्या आसपास तापवते. म्हणजे उकळी फुटायला दीड मिनिट पुरे. पुढे वाफ, मग कोरडी पडलेली कॉइल, मग मऊ होऊन वाकलेली पीव्हीसीची जोडणी. तापमानाचा सेन्सर तिकडे टबात असतो, त्याला यातलं काही कळत नाही. तो 'पाणी गारच आहे' म्हणत राहतो आणि कंट्रोलर हीटर चालू ठेवतो.

पंपाने हवा का धरली, तर पावसाचं पाणी शिरेल म्हणून आपण पंप चिऱ्याच्या ओट्यावर उंच बसवतो. टबाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा पंप वर गेला की बंद असताना त्यातलं पाणी उतरतं. शक्य असेल तर पंप पातळीखालीच ठेवा आणि भोवती पाण्याचा निचरा नीट करा. नाहीच जमलं तर सेल्फ प्रायमिंग पंप घ्या आणि सक्शनला (पाणी ओढणाऱ्या पाइपाला) नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावा. दुसरं कारण गाळणीतला पातेरा. आंब्याखाली टब मांडलात तर मोहराच्या दिवसांत गाळणी रोज उघडावी लागेल.

फ्लो स्विचऐवजी प्रेशर स्विच चालेल असं दुकानदार सांगेल. ऐकू नका. पुढचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर दाब भरपूर असतो आणि प्रवाह शून्य. प्रेशर स्विच खूश, कॉइल जळाली. स्विचवरचा बाण पाणी वाहतं त्याच दिशेला हवा, आणि कोपऱ्याला (एल्बोला) लगटून बसवू नका, अलीकडे थोडा सरळ पाइप सोडा.

आता हिशोब. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. विहिरीचं पाणी २७ अंशांवरून ३८ वर न्यायचं तर सुमारे १३ युनिट, म्हणजे ३ किलोवॉटच्या हीटरला सव्वाचार तास, शिवाय वाया जाणारी उष्णता वेगळी. पाहुणे संध्याकाळी सातला बसणार असतील तर दुपारी दोनला सुरुवात झालेली असली पाहिजे. जाड झाकण घ्या, हे सांगायला नको. हा हीटर १३ अँपिअर ओढतो, वर पंप. मीटरवरचा मंजूर भार पुरतो का ते वायरमनला आधी विचारा. टब आणून झाल्यावर विचारलंत तर पंचाईत होते. हीटरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) द्या. घरातल्या गीझरच्या पॉइंटवरून फाटा काढू नका.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, लावायचाच. माणूस अंगभर पाण्यात बसणार आहे, इथे पैशाचा विचार करू नका. आणि अर्थिंग. आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते आणि पावसाळ्यात उत्तम लागलेलं अर्थिंग तेव्हा नावापुरतं उरतं. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध (रेझिस्टन्स) मे महिन्यात मोजून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. पंप, हीटर, धातूची शिडी, सगळं त्या अर्थिंगला जोडलेलं हवं. टबात बसलेल्याचा हात पोचेल अशा जागी पॅनेल, सॉकेट, बटण काहीही नको.

कंट्रोलरसाठी बहुतेक जण ईएसपी३२ (वाय-फायवाला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि रिलेचा (इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचचा) बोर्ड घेतात. घ्या. पण त्या बोर्डावरच्या १० अँपिअरच्या रिलेतून हीटर चालवू नका. रिलेने कॉन्टॅक्टरची (जड करंट पेलणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरने हीटर. बरेच रिले बोर्ड उलट्या इशाऱ्यावर चालतात, म्हणजे पिन खाली गेली की रिले ओढतो, त्यामुळे लाईट येताक्षणी ते एकदा 'टक' करतात. त्या एका 'टक'ला हीटर लागता कामा नये, आणि तो लागू न देणारी वस्तू कोणती? फ्लो स्विच. प्रोग्रॅममध्ये 'प्रवाह नसेल तर हीटर बंद' एवढं लिहून समाधान मानू नका, कारण प्रोग्रॅम अडकतो. फ्लो स्विच कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेतच, मालिकेत असला पाहिजे. त्याच वाटेत हीटरच्या नळीवर बसणारा, ५० अंशांना तुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय परत न जोडणारा थर्मोस्टॅट.

छोट्या फ्लो स्विचच्या आत नाजूक रीड (चुंबकाने जुळणारी पातळ पत्ती) असते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका थेट तिच्यावर आला तर ती चिकटते, आणि चिकटलेला फ्लो स्विच म्हणजे नसलेलाच. मध्ये कमी व्होल्टेजचा एक रिले घाला. शिवाय पंप सुरू करण्याआधी कंट्रोलरने बघायचं, की पंप बंद असताना फ्लो स्विच 'पाणी वाहतंय' म्हणतोय का? म्हणत असेल तर सगळं थांबवायचं.

सेन्सरचं एक फार कमी जण बघतात. डीएस१८बी२० हा सेन्सर वीज आल्यावर पहिलं वाचन नीट व्हायच्या आत ८५ अंश दाखवतो. वायर तुटली तर त्याची नेहमीची लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार प्रोग्रॅम) उणे १२७ देते. उणे १२७ म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी पाणी बर्फाहून गार, मग हीटर रात्रभर चालू. दोन्ही आकडे बाद करा. ५ ते ४५ अंशांच्या बाहेरचं काहीही आलं की हीटर बंद. घड्याळाचंही तसंच आहे. लाईट आली पण नेट आलं नाही, तर कंट्रोलरच्या मते आज १ जानेवारी १९७०. डीएस३२३१ घड्याळ सेलसकट लावा. लाईट आल्यावर तीन मिनिटं काहीच सुरू करू नका, मग पंप, मग प्रवाह पक्का झाल्यावरच हीटर. बंद करताना आधी हीटर, दोनेक मिनिटांनी पंप.

खारा वारा तांब्याला हिरवं करतो, म्हणून वायरच्या टोकांना कलई केलेले लग (धातूच्या टोप्या), वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). स्क्रू, क्लॅम्प ३१६ स्टेनलेसचे घ्या, ३०४ ला समुद्राजवळ गंज चढतो. कंट्रोलरची पेटी आयपी६५ (धूळ-पाणी आत न घेणारी) आणि प्रत्येक वायरला ग्लँड (वायरीभोवती आवळून बसणारी बंद जोडणी), नाहीतर पाल आत शिरते आणि सर्किटवर आडवी पडते. मुंग्यांचंही तेच. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा).

पाणी: किनाऱ्याजवळच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा हीटरची कॉइल इन्कोलॉयची (गंज न धरणाऱ्या मिश्रधातूची) मागा. पीएच ७.२ ते ७.८. जांभ्यातलं पाणी बरेचदा आम्लाकडे झुकतं, तपासा. क्लोरीन रोज.

चाचणी पाहुणे यायच्या आधी, उजेडी. पंप चालू असताना व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा. कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. नाही सुटला तर तिथेच थांबा, फ्लो स्विच पुन्हा बघा. सेन्सरची वायर उपटा. मेन पाडून परत चढवा. आरसीसीबीचं बटण दाबा. वाय-फाय बंद करून अख्खी संध्याकाळ चालवा.

४० अंशांच्या वर सेटिंग जाऊच देऊ नका. लहान मुलांना त्याहून कमी. गरोदर बाई आणि हृदयाचे रुग्ण डॉक्टरांना विचारूनच. लाईट दिवसचे दिवस गेली, जशी जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर गेली होती, तर ते कोमट साचलेलं पाणी पुन्हा तापवून वापरू नका, ओतून द्या आणि पाइपही धुवा. आगोटीच्या आधी ग्लँड आवळा, पेटीतल्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या बदला, गाळणी साफ करा. टब पावसाळाभर बंद ठेवणार असाल तर पंपाचा ड्रेन प्लग काढून पाणी उतरवा आणि मेन खाली करून ठेवा.