अस्वलांच्या जंगलात तंबू ठोकताय? या चुका टाळा

दर वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली चार-पाच मराठी कुटुंबं गोळा करून मी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात कॅम्पिंगला जाते. निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक सूचना टाकते. त्यावर फटाफट अंगठे येतात, वाचत कोणी नाही. म्हणून यंदा हे एकदाच सविस्तर लिहिते आहे.

"खायचं सगळं लॉकरमध्ये ठेवलंय"

प्रश्न खाण्याचा नाही, वासाचा आहे. टूथपेस्ट, खोबरेल तेल, साबण, लिप बाम, उदबत्ती, बाळाचे वाइप्स, कचऱ्याची पिशवी, अगदी रिकामा कूलरसुद्धा तंबूजवळच्या लोखंडी लॉकरमध्येच गेला पाहिजे. "अगं, डबा घट्ट झाकणाचा आहे, वास येत नाही." तुम्हाला येत नाही हो. लॉकर साधारण 45 इंच रुंद आणि 18 इंच उंच असतो, त्यामुळे चार दिवसांसाठी सहा प्रकारचा फराळ आणू नका. काळोख पडल्यावर गाडीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हा तिथला नियम आहे आणि दंड 5,000 डॉलरपर्यंत होऊ शकतो. हा नियम कुणाला उगाच सुचलेला नाही. 1998 साली योसेमिटीत अस्वलांच्या दीड हजारांवर घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक गाड्या फोडण्याच्या.

मला हे आकड्यांवरून पटलेलं नाही. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही योसेमिटीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला होतो. हिवाळ्याआधी अस्वलं दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातात, तेच दिवस. एक कुटुंब रात्री साडेनऊला पोचलं. मुलं झोपलेली, आईबाप थकलेले. "सामान सकाळी काढू ना, वहिनी." मी कूलर तेवढा काढून घेतला आणि झोपले. अडीचच्या सुमारास काच फुटल्याचा आवाज आला, मग पत्रा वाकतानाचा. अस्वलाने मागच्या दाराची चौकट वरून पकडून खाली ओढली होती, आत बसून मागची सीट फाडली होती आणि डिकीपर्यंत वाट केली होती. ओरडून, भांडी बडवून बऱ्याच वेळाने ते गेलं. सकाळी पाहिलं तर चकल्या फस्त, मेतकुटाची पुडी चाटूनपुसून साफ, लसणाच्या चटणीची बरणी मात्र हुंगून सोडलेली. बाळाच्या कारसीटचा फोमही उचकटला होता, कारण फटीत शंकरपाळ्यांचा चुरा होता. गाडी भाड्याची. पुढचं सांगत नाही.

चूक माझीही होती. आता मी कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. संध्याकाळी टॉर्च घेऊन एकेका गाडीपाशी जाते, डिकी उघडायला लावते, कारसीट झटकायला लावते. लोकांना राग येतो. येऊ दे. वाईट याचं वाटतं की माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल धीट होत जातं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. आळस आपला, जीव त्याचा.

बेअर स्प्रे म्हणजे ओडोमॉस नव्हे

हसू नका, मी स्वतः पाहिलंय. यलोस्टोन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत आमच्यातल्या एका उत्साही दादांनी तंबूभोवती स्प्रेचं रिंगण घातलं. त्यात मिरचीचा अर्क असतो. कढईत मिरची जळाल्यावर अख्खं घर खोकतं ना, तसं अर्धं कॅम्पग्राउंड खोकलं. शिवाय सुकलेल्या स्प्रेचा वास अस्वलाला उलट जवळ ओढतो. स्प्रे अंगावर धावून येणाऱ्या अस्वलासाठी आहे. ते दहा-पंधरा मीटरवर आलं की त्याच्या तोंडासमोर, किंचित खाली रोखून, ढग उभा करायचा. डबा कमरेला हवा. बॅगेच्या तळाशी असेल तर घरीच ठेवा. विमानात तो नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. आणि योसेमिटीत स्प्रे आणायलाच बंदी आहे. एका पार्कचा नियम दुसरीकडे चालवणाऱ्यांना काय म्हणावं!

बाकीच्या चुका थोडक्यात

रंगावरून जात ओळखणं. योसेमिटीतली बरीचशी "काळी" (म्हणजे ब्लॅक बेअर जातीची) अस्वलं तपकिरीच असतात. ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलाची मोठी जात, ओळखायचं तर खांद्यावरचा उंचवटा बघा. ते यलोस्टोनला आहे. कॅलिफोर्नियात आता फक्त राज्याच्या झेंड्यावर उरलंय.

फोटोसाठी जवळ जाणं. यलोस्टोनमध्ये किमान 100 यार्ड अंतर ठेवावं लागतं. झूम कशाला दिलाय?

पळणं. अस्वल तुमच्यापेक्षा फार वेगाने धावतं. झाडावर चढणं त्याहून मूर्खपणाचं.

आतल्या जंगलात मुक्कामाला जाताना खाणं झाडाला टांगणं. योसेमिटीत ते बेकायदा आहे, कॅनिस्टरच, म्हणजे अस्वलाला न उघडणारा डबाच, लागतो. दोनशे व्हिडिओ पाहून आलेले नवखे यावर माझ्याशी वाद घालतात. मी घालत नाही.

"अस्वलासमोर ओरडायचं नसतं"

आमच्या गटात एक काका नागपूरचे. विदर्भात मोह वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वलाचे हल्ले होतात, हे ते ऐकत मोठे झालेले. दचकलेलं ते अस्वल थेट अंगावर येतं, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे. पण ती जात वेगळी. ग्रिझलीची गोष्टही वेगळी: पिल्लांपायी बिथरून तिने गाठलंच तर पालथं पडून मान हातांनी झाकायची, पाठीवरची बॅग काढायची नाही. योसेमिटीत काळं अस्वल तंबूपाशी आलं तर मात्र सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, हात उंचावायचे आणि जीव तोडून ओरडायचं. त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. अंगावर आलंच तर पडून राहायचं नाही, झुंजायचं.

मी एक पोचे पडलेलं स्टीलचं ताट आणि पळी याचसाठी नेते. त्यात जेवायला मागू नका.