रेटिंग अडकले असताना बुद्धिबळातील प्रगती कशी मोजावी

फिडेचे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे) रेटिंग खेळाडूचे ज्ञान मोजत नाही. ज्यांच्याशी तो खेळतो त्यांच्या तुलनेत त्याला किती गुण मिळाले, एवढेच ते सांगते. के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलेल हे ठरवणारा आकडा) २० असलेल्या खेळाडूने हरायचा एक डाव जिंकला, तरी रेटिंगमध्ये २० गुणांचा फरक पडतो. त्यामुळे एका स्पर्धेतील तीसेक गुणांची चढउतार मनावर घेऊ नये. शिवाय आपल्याकडील खुल्या स्पर्धांत झपाट्याने सुधारणारी मुले असतात आणि त्यांचे रेटिंग त्यांच्या खेळामागून रखडत येते. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० पेक्षा कमी रेटिंग असणाऱ्यांचे आकडे एकदाच वर उचलले आणि १५०० चा खेळाडू १७०० वर गेला; या तारखेअलीकडचे आणि पलीकडचे आकडे थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी आपलेच वीसेक दीर्घ कालमर्यादेचे डाव घ्यावेत. इंजिन (चालींचे विश्लेषण करणारा संगणक-प्रोग्राम) लावण्याआधी प्रत्येक डाव कोठे बिघडला ते स्वतः ठरवावे आणि कारण लिहावे: धोका दिसलाच नाही, दिसला पण हिशेब चुकला, योजनाच चुकीची होती, की वेळ उरला नव्हता. मग इंजिनशी पडताळावे. सहा महिन्यांनी नव्या वीस डावांवर हेच करावे. एका चालीत मोहरे गमावण्याचे प्रसंग घटून चुका योजनेच्या पातळीवर सरकल्या असतील, तर निकाल तेच असले तरी खेळ सुधारला आहे. डाव लिहिताना घड्याळातील वेळही टिपावी. नियमांत तशी मुभा आहे, आणि पंधराव्या चालीला किती मिनिटे उरतात ही नोंद फार बोलकी असते.

संकेतस्थळांवरील अचूकतेच्या टक्केवारीवर मात्र मी फारसा विसंबत नाही, कारण मोहऱ्यांची भराभर अदलाबदल झालेल्या शांत डावात ती आपोआप वाढते.

डावाच्या अखेरीची परीक्षा अधिक विश्वासार्ह ठरते. हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती या प्रकारातील ल्युसेनाची स्थिती (प्यादे वजीर होण्यापासून एक घर दूर आणि त्याचा राजा त्याच्यापुढे) इंजिनविरुद्ध पाच मिनिटांत जिंकून पाहावी आणि फिलिडोरची, म्हणजे प्यादे नसलेल्या बाजूच्या बचावाची, स्थिती बरोबरीत सोडवून पाहावी. फिलिडोरमध्ये हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरायचा आणि प्यादे त्या ओळीत शिरताच पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह देत राहायचे. दर खेपेला रंग आणि प्याद्याची उभी पट्टी बदलावी. ल्युसेनासाठी कडेचे प्यादे तेवढे टाळावे, कारण तेथे नेहमीची रीत चालत नाही.