उपकेंद्रातील प्रतिबंधात्मक तपासणीसाठी कर्मचाऱ्यांची तयारी

तिशी ओलांडलेला पण कसलीही तक्रार नसलेला माणूस उपकेंद्रात येतो, तेव्हा "काय होतंय?" हा नेहमीचा प्रश्न उपयोगी पडत नाही. म्हणून समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि आशाताई यांनी तपासणीच्या आठवडाभर आधी एकत्र बसून, बोलण्याची सुरुवात कशी करायची हे मोठ्याने बोलून पाहावे.

आशाताईंनी घरोघरी भरलेले सीबॅक अर्ज (वय, सवयी वगैरे विचारून आजाराचा धोका गुणांत मांडणारे) गुणांनुसार लावून 4 पेक्षा जास्त गुण असलेल्यांना प्रथम बोलवावे. गुण कमी असले तरी तपासणी टळत नाही, हे मात्र सर्वांना ठाऊक असावे. तंबाखूचा प्रश्न विचारण्याचा सराव वेगळा घ्यावा, कारण "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला कित्येक बायका अगदी मनापासून "नाही" म्हणतात, त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच. "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" असे विचारले की खरे उत्तर मिळते.

सर्वांत जास्त वेळ रक्तदाब मोजण्याच्या सरावाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. उन्हातून चालत आलेल्याला पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा. रक्तदाब यंत्राचा पट्टा बाहीवरून बांधू नये, आणि ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर ती दंडाला आवळते, म्हणून आडोसा व सैल झगा यांची सोय आधीच करावी. आकडा 140/90 किंवा त्याहून जास्त आला तरी लगेच निदान न सांगता थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.

रक्तातील साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत पाहून ठेवावी. तोंडाच्या तपासणीसाठी टॉर्च व हातमोजे लागतील. तंबाखूची गोळी गालात जिथे धरली जाते तो कोपरा गाल ओढूनच दिसतो, हे सेवकांनी एकमेकांवर करून पाहावे. गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षित सेविकेनेच, काय करणार हे आधी सांगून व संमती घेऊनच करावी.

पुढे पाठवायच्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्याचा वार लिहावा, आणि तो तिथे पोहोचला की नाही हे कोण विचारणार, त्या कर्मचाऱ्याचे नाव पहिली तपासणी सुरू होण्यापूर्वीच नोंदवहीत लिहिलेले असावे.