परदेशातल्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्या शाळेत या चुका टाळा

अमेरिकेत सकाळी शाळा भरते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ किंवा रात्र असते. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला गोळीबार झाला, तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते आणि इथे रात्रीचे आठ. म्हणजे अशी बातमी ऐन जेवणाच्या वेळी टीव्हीवर येते, झोपेपर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरते आणि सकाळी सातच्या बसमध्ये मुलं ती एकमेकांना मीठमसाला लावून सांगतात. नवी मुंबईत ऐरोली, वाशी, खारघरकडे तर बऱ्याच घरांत कुणाची मावशी न्यू जर्सीला, कुणाचा दादा टेक्सासला. त्या मुलांसाठी ही बातमी लांबची नसते. शाळेच्या हातात असते फक्त मधली रात्र, आणि चुकांची सुरुवात तेव्हापासूनच होते.

रात्रीच व्हिडिओ फॉरवर्ड करणं

पहिल्या काही तासांतली माहिती बऱ्याचदा चुकीची निघते. सँडी हूकच्या वेळी वाहिन्यांनी सुरुवातीला हल्लेखोर म्हणून भलत्याचंच, त्याच्या भावाचं नाव दिलं होतं. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत पोलिसांनी नेमकं काय केलं, याची अधिकृत हकिगतही काही दिवसांतच बदलावी लागली. म्हणून नाव, फोटो, आकडा, कारण यातलं काहीही शाळेच्या ग्रुपवर नको. ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर टाकावा आणि मुख्याध्यापकांचा एकच मेसेज जावा, शक्यतो रात्री दहाच्या आत:

‘अमेरिकेतल्या एका शाळेतल्या घटनेची बातमी आपण पाहिली असेल. उद्या शाळा नेहमीच्या वेळेवर आहे. मुलं जागी असेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा. मुलांनी विचारलं तर थोडक्यात, खरं तेवढंच सांगा. तिथे कुणी नातेवाईक असल्यास वर्गशिक्षकांना सकाळी कळवा.’

टीव्हीची ओळ गाळू नका. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटानंतर झालेल्या अभ्यासात, पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला होता.

परिपाठात सगळ्यांना एकदम सांगणं

माइकवरून निवेदन, मग दोन मिनिटं स्तब्धता. हेतू चांगला, पण पहिलीतल्या ज्या मुलाला काहीच माहीत नव्हतं त्याला आता कळतं आणि दहावीतल्या ज्या मुलीला काही विचारायचं होतं तिला तिथे विचारता येत नाही. हे काम वर्गशिक्षकांचं. पहिल्या तासाची दहा मिनिटं, आपापल्या वर्गात.

दुसरीपर्यंत विषय आपणहून काढूच नये. कुणी विचारलंच तर दोन वाक्यं पुरतात: ‘खूप लांबच्या एका शाळेत एका माणसानं लोकांना इजा केली. इथे तुझ्याजवळ आम्ही आहोत, गेटवर वॉचमन काका आहेत.’ तिसरी ते सातवीच्या वर्गांना आधी विचारा, ‘तुम्ही काय ऐकलंय?’ निम्मा वेळ अफवा पुसण्यातच जातो, तो जाऊ द्या. आठवीच्या पुढच्यांनी व्हिडिओ पाहिलेला असतोच. त्यांच्याशी बंदुकीच्या कायद्यावर बोलता येतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, हे त्यांना पटतं. पण ‘आपल्याकडे असं कधीच होणार नाही’ असं म्हणू नका. ती मुलं मोबाइलवर उलटं उदाहरण शोधून काढतील आणि मग तुमचं पुढचं वाक्यही ऐकणार नाहीत.

बोलायची सक्ती नको, निबंध नको, पोस्टर तर नकोच. दहा मिनिटांनी पुस्तक उघडा. नेहमीचा तास मुलांना जितका धीर देतो तितका कुठलंही भाषण देत नाही.

मधल्या सुट्टीत लहान मुलं पट्टीची बंदूक करून ‘ठो ठो’ खेळली तर ओरडू नका. मनात साचलेलं ती खेळातूनच बाहेर काढतात. तोच खेळ रोज तसाच, घाबऱ्या चेहऱ्यानं चालू राहिला, तरच लक्ष घालायचं.

लगेच मॉक ड्रिल घेणं

पालकांना ‘आम्ही काहीतरी केलं’ हे दाखवायला घेतलेली, आरडाओरड्याची नाटकी ड्रिल मुलांना नव्यानं घाबरवते. निदान तीन-चार आठवडे थांबा, घ्याल तेव्हा आधी कळवून, शांतपणे घ्या. तोवर गाजावाजा न करता गेट तपासा: अभ्यागतांच्या वहीत नाव, वेळ, कुणाला भेटायचं हे लिहिलं जातं का? दुपारचं सत्र भरताना आणि सकाळचं सुटताना गेटवर रिक्षा, बस आणि पालकांची एकच झुंबड उडते. खरी ढिलाई तिथे असते. त्या वीस मिनिटांना तिथे दोन माणसं हवीत.

‘हा एक दिवस असं करेल’

एकट्या बसणाऱ्या मुलावरचा हा विनोद तिथल्या तिथे थांबवा. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं तिथल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात हल्लेखोराचा ठरावीक असा साचा निघाला नाही. मात्र बहुतेक वेळा आधी कुणाला तरी बेताची कुणकुण होती. त्यामुळे कुणी ‘मीही मारेन’ म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका आणि थेट दाखला हातात देऊन मोकळेही होऊ नका. त्याच दिवशी मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पालक यांनी एकत्र बसायचं. आणि हे ज्यानं येऊन शिक्षकांना सांगितलं त्याचं नाव बाहेर जाता कामा नये.

सकाळी शिक्षकांची पंधरा मिनिटांची बैठक घेतली की मावशी, शिपाई आणि बसचे ड्रायव्हर-अटेंडंट हटकून राहून जातात. मुलं पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात, तेव्हा त्यांनाही तीच दोन वाक्यं द्या.

दुसऱ्या दिवशी फाइल बंद करणं

रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, अंथरूण ओलं होणं, फटाक्याच्या आवाजाला दचकणं. हे बहुतेकांचं आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही टिकलं किंवा वाढलं तर समुपदेशकाकडे पाठवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येतं. मूल संकटात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, पण ‘ठाण्याला पाठवा’ या जुन्या थट्टेमुळे पालक बिचकतात. त्यांना आधी फोनच करू द्या. दोन्ही नंबर डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवून घ्या.